हार फोटोला, पाणी कुणाला?

१५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, बातमीसाठी एका कार्यालयात गेलो होतो. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, पेढे, दोन भाषणं. बाहेर व्हरांड्यात टेलचे चार शेतकरी अर्ज घेऊन बसलेले. गेल्या रब्बीत आवर्तन सुटलं, पण त्यांच्या चारीला पाणी आलंच नाही. म्हटलं, हार घातला तो माणूस कोण होता, हे एकदा लिहावंच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूरकडचे, पण इंजिनिअर झाले पुण्यात. राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत, १८८४ साली, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवात नाशिक-धुळ्याकडे.

त्यांचा गाजलेला शोध म्हणजे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, १९०३ चे. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की आपोआप मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून त्याचा मोबदला घेतला नाही.

मला मात्र त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. नीरा कालव्यावर काही जण उसाला वारेमाप पाणी द्यायचे. त्यांनी गट पद्धत आणली. गटातल्या ठराविक भागातच ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, आणि पिकांचा फेरपालट. हेतू एकच, तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजावीत. ज्यांचा फायदा जात होता, त्यांनी विरोध केला. तरी ते हटले नाहीत.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. १९०८ ला मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजाम सरकारनं यांनाच बोलावलं. पूर अडवायला वर धरणं बांधा, हा त्यांचा सल्ला. त्यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले.

आपल्या वालूरची बारव बघा. गोल गोल उतरणाऱ्या पायऱ्या. पाणी कितीही खाली जावो, उतरेल त्याला मिळतं. कालव्याचं तसं नाही. वरच्यानं अडवलं की खालचा संपला.

म्हणून साधी मागणी आहे. येत्या रब्बीत चारीनिहाय वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि पाणी टेलकडून हेडकडे द्या. हार पुढच्या वर्षी घातला तरी चालेल.

टेलला असाल तर तुमच्या चारीला शेवटचं पाणी कधी आलं, ते खाली लिहा.