आपत्कालीन पिशवीत बंदूक ठेवावी का?

घरात एक पिशवी भरून ठेवावी, दहा मिनिटांत घर सोडावे लागले तर तीच उचलून निघावे, ही कल्पना आता आपल्या समाजातील बऱ्याच घरांत पोचली आहे. पुण्या-बंगळुरूला किंवा त्याहून लांब असलेली मुले आई-वडिलांना अशी पिशवी भरायला लावतात, आणि ते योग्यच करतात. शिप्रेला पूर आला की रामघाटावरची लहान देवळे पाण्याखाली जातात, हे आपण लहानपणापासून पाहतो. मे २०१६ मध्ये सिंहस्थाच्या ऐन गर्दीत वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली. २०२८ चा सिंहस्थ आता फार लांब नाही.

मात्र मुले ज्या याद्या पाठवतात त्यांपैकी काही अमेरिकन आहेत. त्यांत टॉर्च आणि औषधांच्या शेजारी शस्त्रही असते. मग ज्या घरांत परवान्याची बंदूक आहे तिथे प्रश्न निघतो, की न्यायची तर कोणती? दुनाळी की रिव्हॉल्व्हर? आम्ही काही निवृत्त मंडळींनी या विषयावर कायदा आणि व्यवहार दोन्ही बाजूंनी विचार केला. आमचे उत्तर असे, की पिशवीत कोणतेही शस्त्र ठेवू नये. पण बंदूक घरात असेल, तर पिशवी भरण्याआधी तिची व्यवस्था लावली पाहिजे.

पिशवी सगळ्या घराची असते. वेळेला जो घरी असेल तो ती उचलतो. आजी उचलेल, सून उचलेल, कॉलेजात जाणारा नातू उचलेल. शस्त्राचा परवाना मात्र एकाच माणसाच्या नावाचा असतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला ते बाळगता येत नाही. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याने ते नेण्याची सवलत कायद्यात आहे. त्यापलीकडे नाही. आजोबा दवाखान्यात आहेत आणि सुनेने घाईत पिशवी उचलली, तर त्या क्षणी ती विनापरवाना शस्त्र बाळगणारी ठरू शकते. या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद व दंड आहे. "घाईत लक्षात आले नाही" हे सांगायची वेळ घरातल्या कुणावर का आणावी?

दुसरी अडचण खुद्द धारकाची. दंगल किंवा तणावात घर सोडायची वेळ येते तेव्हा शहरात बहुधा मनाई हुकूम लागलेला असतो. पूर्वी त्याला कलम १४४ म्हणत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले. अशा हुकुमात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी हे नेहमीचे वाक्य असते. म्हणजे ज्या दिवसासाठी बंदूक पिशवीत ठेवली, त्याच दिवशी ती रस्त्यावर आणता येत नाही. निवडणुकीच्या काळातही प्रशासन परवान्याची शस्त्रे जमा करून घेते, हे आपल्यातील धारकांना ठाऊक आहेच. शिवाय परवाना कुठल्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावर लिहिलेले असते. देवास गेटहून बस धरून इंदूरला जाणे वेगळे आणि रेल्वेने पुण्याला मुलाकडे जाणे वेगळे. राज्याची हद्द ओलांडायची तर परवान्यावरची ती ओळ आधी वाचावी.

आता वजनाचा हिशोब. बारा बोअरची दुनाळी तीन किलोच्या आसपास भरते आणि लांबीला मीटरभराहून जास्त असते. पंचवीस काडतुसांचा डबा किलोभर धरा. साठी-सत्तरीच्या माणसाने एवढ्या वजनाऐवजी चार लिटर पाणी न्यावे. .३१५ ची रायफल दाट वस्तीत जवळही बाळगू नये असे आमचे मत आहे. तिची गोळी दूर जाते, आणि आपल्या गल्ल्यांत समोरच्या घराच्या खिडकीपलीकडे कोण बसले आहे ते दिसत नाही. राहता राहिले .३२ चे रिव्हॉल्व्हर. कानपूरचे 'निर्भीक' २०१४ मध्ये आले ते सुमारे अर्ध्या किलोचेच आहे, त्यामुळे लोकांची नजर त्याच्यावर जाते. पण जे सहज मावते ते सहज चोरीलाही जाते, आणि वर्षानुवर्षे सराव न केलेल्या हातात ते धारकालाच धोक्याचे. छर्ऱ्याच्या बंदुकीचा पर्यायही कुणी सुचवतो. तिने कुणी थांबत नाही, उलट अंधारात समोरच्याला ती खरीच वाटते. परवान्याशिवाय कुठून तरी कट्टा मिळवायचा विचार तर मनातही आणू नये.

आणि पोचायचे कुठे? बहुतेक वेळा एखाद्या शाळेत, धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या दोन खोल्यांत. तिथे दहा घरांची मुले एकत्र झोपतात आणि पिशव्या भिंतीशी रांगेत असतात. रात्रभर कुणीतरी त्या एका पिशवीवर डोळा ठेवून जागायचे! आपल्या भागातील मोठ्या आपत्ती आठवून पाहा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये लोक विषारी वायूपासून पळाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुणेकर पाण्यापासून पळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घरांच्या दगडी भिंतीच अंगावर आल्या. यांपैकी कुठेही गोळीने काही वाचले नसते. ओला रुमाल, शिट्टी, पायात बूट, चालू टॉर्च यांचा उपयोग झाला असता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण घरगुती संचात ज्या वस्तू सांगते त्याही याच प्रकारच्या आहेत.

वाटेत लुटले जाण्याची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये मांडला आहे. त्यासाठी शस्त्र परवान्याचे असलेच पाहिजे असे नाही, बळाचा वापर मात्र गरजेपुरताच हवा. एकट्याने न निघता दोन-तीन घरांनी मिळून निघावे, दागिने अंगावर दिसू देऊ नयेत, रोख रक्कम लहान नोटांत दोघांकडे वाटून ठेवावी, ११२ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हाही पिशवीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवावा.

मग घरातल्या बंदुकीचे काय करायचे? आमच्या मते खरी निवड इथेच आहे. बंद घरात कपाटात ती सोडून निघणे सर्वांत वाईट. रिकाम्या घरात चोर शिरला तर दागिने जातील ते जातील, पण बंदूक गेली तर पुढे तिने काय घडेल याचा घोर आयुष्यभर राहतो. बँकेच्या लॉकरचा विचार बरेच जण बोलून दाखवतात. नोकरीतली आमची वर्षे बँकेत गेली म्हणून स्पष्ट सांगतो, लॉकरच्या करारात शस्त्रे व स्फोटके ठेवायला मनाई असते. काडतुसेही त्यातच आली.

मार्ग दोन आहेत. परवानाधारक शस्त्रविक्रेता, म्हणजे आपण ज्याला गन हाऊस म्हणतो, त्याच्याकडे शुल्क भरून सुरक्षित ठेव म्हणून देणे, किंवा पोलीस ठाण्यात जमा करणे. आपल्यातील अनेकांना देवास गेट ठाणेच जवळचे पडते. पुराच्या बातम्या सुरू झाल्यावर हे काम होत नाही, त्या दिवशी ठाण्यात वेगळीच धावपळ असते. म्हणून धारकाचे वय झाले असेल आणि वर्षातले काही महिने मुलांकडे जात असेल, तर निघण्यापूर्वीच शस्त्र ठेवीत टाकावे. पावतीवर बनावट, बोअर, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख ही पाचही आहेत का, हे काउंटर सोडण्याआधी पाहून घ्यावे. नंतर कोण ऐकतो?

ज्या घरांत बंदूक वडिलोपार्जित आहे त्यांनी थोडे अधिक लक्ष द्यावे. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनीत वसलेल्या मराठी घरांत अशा बंदुका कमी नाहीत. धारक वारला की घरात पडून राहिलेले शस्त्र आपोआप मुलाचे होत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला परवाना मिळाला तर परत घेता येते, नाहीतर रीतसर विकता येते. मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. शस्त्र नियम २०१६ मध्ये एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत असते. धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असले, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा बाहेरगावी स्थायिक असेल आणि त्याला बंदूक नकोच असेल, तर हा प्रश्न वडिलांसमोरच मिटवलेला बरा. दोनांपेक्षा जास्त शस्त्रे एका नावावर ठेवता येत नाहीत, तिसरे जमा करायची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली आहे, म्हणून जुन्या सवयीने तारीख मोजू नका.

माळ्यावरची ठासणीची बंदूक ही "शोभेची" म्हणून सोडून देऊ नये. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनी वस्तू असेल तरच कलम ४५ ची सूट लागू होते, आणि ते ठरवणे आपल्या हातात नाही. खंडेनवमीला शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतातच. त्या दिवशी बंदुकीसोबत परवानाही पाटावर ठेवला, तर नूतनीकरणाची तारीख वर्षातून एकदा तरी नजरेखालून जाईल.

पिशवीत काय घालायचे ते थोडक्यात: परवान्याच्या पहिल्या आणि नूतनीकरणाच्या पानांची छायाप्रत, ठेवीची पावती, शस्त्राचा क्रमांक लिहिलेला कागद. हे सगळे प्लॅस्टिकच्या पाकिटात, पासबुक आणि आधारच्या प्रतींसोबत. मूळ परवाना धारकाच्या अंगावर. शस्त्र घरातच होते आणि आणीबाणीत मागे राहिले, तर पोचल्या ठिकाणाहून त्याच दिवशी ११२ वर कळवावे आणि जमेल तितक्या लवकर ठाण्याला व कोठी रोडवरच्या कलेक्टर कार्यालयाच्या शस्त्र शाखेला लेखी द्यावे. त्या अर्जात क्रमांक लागतो, आणि तो बंदुकीवर कोरलेला असून बंदूक घरात राहिलेली असते, म्हणूनच तो कागद वेगळा.