सरईचं मूळ

गोंदियाहून निघून बैहरचा घाट चढलात, की सागाची सोबत सुटते आणि सालाचं रान लागतं. इथली माणसं त्याला सरई म्हणतात. डिसेंबरची पहाट आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की प्रवेशद्वारातून आत येऊन तुम्ही सोंढरच्या गवताळ मैदानाशी थांबलात. दहिवर गोठून पाती पांढरी झाली आहेत. कडेला, रान संपतं तिथे, सालाचं एक हातभर रोप आहे. शेंडा करपलेला, जणू मेलेलंच. ते लक्षात ठेवा. इथे गाडीतून उतरता येत नाही, काळात मात्र उतरता येतं.

उतरा. बालाघाट जिल्हा नुकताच झाला आहे, साल १८६७. उन्हाळ्याची अखेर, नाकाला धूर झोंबतो. उतारावर एक बैगा आदिवासी कुटुंब तोडून वाळवलेलं रान पेटवतंय. ही बेवर, त्यांची फिरती शेती. पाऊस पडला की त्या कोमट राखेत ते कोदो-कुटकीचं बी फेकतील. नांगर घालणार नाहीत. धरती आई आहे, तिची छाती फाडायची नसते. दोन-तीन वर्षांनी ते दुसऱ्या उतारावर जातील आणि इथल्या खुंटांना धुमारे फुटतील. दुसरीकडून कुऱ्हाडींचा आवाज येतो. रेल्वेच्या रुळांखाली घालायला सालाचे स्लीपर हवे आहेत, आणि ही तोड जागा बदलून मागच्या रानाला उसंत देणारी नाही. पुढे सरकार जंगल राखीव करतं, तेव्हा बंदी येते ती बेवरीवर. बैग्याच्या हाती नांगर दिला जातो.

शंभर वर्षं पुढे या. १९७०. सोंढर हे गाव आहे. बांध, गोठे, चरणारी गुरं. अख्ख्या कान्हात बारशिंगे उरले आहेत फक्त ६६. हे हरीण गवतावर जगतं, पाडस उंच गवतात लपवतं, आणि तसं गवतच राहिलेलं नाही. त्या दशकात इथली गावं एकेक करून हलवली जातात. बैलगाडीत कणग्या, भांडी, पोरं चढतात. चूल मागे राहते. काही पावसाळ्यांत बांध गवताखाली बुडतात. आज तुम्ही ज्याला मैदान म्हणालात, ते कुणाचं तरी अंगण होतं. बारशिंग्यांची संख्या पुढे हजाराच्या आसपास गेली. त्याची किंमत कुणी मोजली, हे त्या आनंदात विसरू नका.

आता १९९८. बुंध्याशी भुश्शाचे ढीग पडलेत. सालाच्या लाकडात भुंग्याच्या अळ्या पोखरत चालल्या आहेत. साल बोररची ही साथ मंडला-बालाघाट पट्ट्यात पसरली आणि तिला आवरायला लाखो झाडं तोडावी लागली. जिथे दुपारीही अंधार असायचा, तिथे ऊन थेट जमिनीवर पडलंय.

परत या त्या रोपापाशी. मनातच बोटांनी माती थोडी उकरा. वर करंगळीएवढी काडी, खाली कितीतरी जाड मूळ. थंडीने शेंडा जळतो, उन्हाळ्यात वणवा उरलेलं खातो, पावसात मूळ पुन्हा धुमारा काढतं. असं दहा-वीस वर्षंसुद्धा चालतं. मग एखाद्या वर्षी, मुळात पुरेशी ताकद साठली आणि वरून उजेड मिळाला, की तो धुमारा आगीच्या झळेपलीकडे निघून जातो. लगेच झाड दिसत नाही म्हणून रान मेलं असं ठरवणारे आपण फार घाईचे.

मैदानात घुसणारी अशी रोपं वनरक्षक काढून टाकतात, बारशिंग्याचं गवत राहावं म्हणून. चार पावलं मागे, सावलीत उगवलं तर तेच रोप जपलं जातं. तुमच्या पायाशी असलेलं रोप बरोबर हद्दीवर आहे. माती पुन्हा मुळावर सारा आणि हलकेच दाबा.