ढिम्म न हलणारी फाइल

२००५-०६ च्या सुमारास मेलबॉक्समधे एक ढकलपत्र हमखास यायचं. तुम्हालाही आलं असेल. त्यात लिहिलेलं असायचं की संगणकावर 'कॉन' (सी, ओ, एन) नावाचं फोल्डर कुठेही बनवता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावलाय आणि मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमला त्याचं कारण सांगता आलेलं नाही! खाली अर्थातच 'आत्ता करून बघा आणि दहा जणांना पाठवा'.

आम्ही अर्थातच करून बघितलं. नाव टाईप करून एंटर मारलं की पुन्हा 'न्यू फोल्डर'. अंगावर काटा वगैरे! :) मग आमच्या रूमवरच्या एकाने कुठूनतरी एक युक्ती आणली. कमांड प्रॉम्प्टवर जायचं आणि नावाच्या आधी दोन तिरक्या रेघा, एक प्रश्नचिन्ह, परत एक तिरकी रेघ असं काहीतरी लिहायचं. झालं की हो फोल्डर! रूम पार्टनरच्या डी ड्राइव्हवर 'कॉन' दिमाखात बसला. मज्जा.

मज्जा दहा मिनिटं टिकली. कारण ते फोल्डर आता जाईना. डिलीट दाबा, शिफ्ट डिलीट दाबा, सेफ मोडमधे जा, ढिम्म हलेना. पार्टनरची खात्री पटली की हा व्हायरस आहे. दोन दिवसांनी त्याने डी ड्राइव्ह फॉरमॅट केला, आणि त्यात त्याच्या ताईच्या लग्नाचे फोटोही गेले. सीडीवर घेऊ घेऊ म्हणत राहून गेले होते. तो मला काही बोलला नाही, पण 'काय मस्त युक्ती आहे' म्हणून कमांड टाईप करणारा मीच होतो.

पुढे याच धंद्यात आलो आणि कळलं की ज्या युक्तीने ते फोल्डर बनवलं, त्याच युक्तीने ते एका सेकंदात उडवता आलं असतं. फक्त 'बनव' ऐवजी 'काढ' म्हणायचं. हे कळलं त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून न जाणारी फाइल दिसली की मी आधी विचारतो, ही का जात नाहीये? गंमत म्हणजे उत्तर बहुतेक वेळा इतिहासात सापडतं.

वाड्यातले नाना

१९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तेव्हा फ्लॉपीवर फोल्डर हा प्रकारच नव्हता, सगळ्या फाइल्स एका ओळीत. आणि उपकरणांनाही फाइलसारखीच नावं. कीबोर्ड-पडदा म्हणजे कन्सोल, त्याचं नाव 'कॉन'. फाइल छापायची असेल तर ती प्रिंटरच्या नावावर कॉपी करायची. या नावांपुढे अपूर्णविराम असायचा, म्हणून फाइल कुठली आणि उपकरण कुठलं यात घोळ व्हायचा नाही.

१९८० मधे सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या वळणावर ८६-डॉस लिहिली. १९८१ मधे मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी ती आयबीएम पीसीवर आली. इथे उपकरणांची नावं अपूर्णविरामाशिवायही चालायला लागली. कॉन, प्रिंटरसाठी पीआरएन, सिरियल पोर्टसाठी ऑक्स, आणि काहीही ओता गायबच होईल असं नल. फोल्डर अजूनही नव्हतेच, त्यामुळे कुणाला अडचण नव्हती. वाड्यात एकच नाना असतात तोवर 'नानांना बोलवा' एवढं पुरतं, तसं.

१९८३ मधे डॉस २.० आली आणि तिच्याबरोबर फोल्डर आले. वाड्याची सोसायटी झाली. पण जुन्या प्रोग्राम्सना फोल्डर माहीतच नव्हते. ते आपले 'पीआरएन'वर लिहून मोकळे व्हायचे आणि कागद बाहेर येईल अशी वाट बघायचे. ते बंद पडू नयेत म्हणून ठरलं की ही नावं प्रत्येक फोल्डरमधे चालतील. म्हणजे प्रत्येक बिल्डिंगमधे नाना! शिवाय बरेच प्रोग्राम नावापुढे स्वतःच एक्स्टेन्शन चिकटवायचे, म्हणून एक्स्टेन्शनकडे दुर्लक्ष करायचं ठरलं. त्यामुळे 'कॉन.टीएक्सटी' म्हणजेसुद्धा कन्सोलच.

ढकलपत्रातल्या 'न सुटलेल्या कोड्या'चं उत्तर एवढंच. मायक्रोसॉफ्टमधे ते व्यवस्थित माहीत होतं. रेमंड चेन यांनी २००३ सालीच ते लिहूनही ठेवलं होतं.

जुन्या पीसीसाठी घेतलेला तो निर्णय पुढे कुठे कुठे नडला बघा. विंडोज ९५ आणि ९८ मधे 'कॉन'च्या आत 'कॉन' असा पत्ता उघडायला सांगितला की मशीन कोसळायचं, अगदी एखाद्या वेबपेजवरूनसुद्धा. मार्च २००० मधे त्यावर पॅच काढावा लागला. आणि आजही लिनक्स कर्नलचा सोर्स विंडोजवर गिटने उतरवायला गेलात तर तक्रार येते, कारण त्यात एका फाइलचं नाव 'ऑक्स.सी' आहे. विंडोज ११ मधे एक्स्टेन्शनवाल्या नावांबद्दलचा नियम सैल झालाय, पण नुसतं 'कॉन' अजूनही राखीवच.

मग आमच्या युक्तीने ते फोल्डर बनलं कसं? तर विंडोज एनटीच्या गाभ्याला 'कॉन' या नावाचं काहीही वावडं नाही. अडवणारा वरच्या थरातला पहारेकरी आहे, जो प्रत्येक नाव तपासून आत सोडतो. `\\?\` ही खूण लिहिली की तो नाव न तपासताच आत पाठवतो. एक्सप्लोरर मात्र नेहमी त्याच्याकडूनच जातो, म्हणून त्याला ते फोल्डर दिसायचं पण काढता यायचं नाही.

कुणीतरी धरून ठेवलंय

हा झाला नावाचा घोळ. पण रोजच्या आयुष्यात फाइल जात नाही त्याचं कारण वेगळं असतं. ती कुणीतरी उघडून ठेवलेली असते.

एक्सपीचा निरोप आठवतो? ही फाइल 'दुसरी व्यक्ती किंवा प्रोग्राम' वापरतोय. रात्री एक वाजता, दार बंद, रूमवर आपण एकटे, आणि दुसरी व्यक्ती! :) बरेचदा ती 'व्यक्ती' म्हणजे स्वतः एक्सप्लोररच असायचा. अर्धवट उतरलेल्या एव्हीआय फाइलचा तपशील वाचायला जायचा आणि सोडायचाच नाही. दुसरा एक निरोप तर सांगायचा की डिस्क भरलेली नाही ना ते बघा. अरे बाबा, भरलीय म्हणून तर डिलीट करतोय!

इथे दोन घराण्यांचा फरक कळायला हवा.

युनिक्स बेल लॅब्जमधे १९६९ पासून घडत गेली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी फाइल आणि तिचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. डिस्कवरचा खरा ऐवज वेगळा आणि फोल्डरमधलं नाव म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारी एक चिठ्ठी. म्हणून १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमधेही ती सिस्टिम कॉल 'डिलीट' नाही, 'अनलिंक' आहे. तुम्ही फक्त चिठ्ठी फाडता. ऐवज कधी जातो? शेवटची चिठ्ठी फाटली आणि तो धरून बसलेल्या शेवटच्या प्रोग्रामने हात सोडला की.

डॉसचं घराणं वेगळं. तिथे मुळात एका वेळी एकच माणूस, एकच प्रोग्राम. पण ऑफिसात नेटवर्क आलं, दोघं एकच फाइल उघडायला लागले, तेव्हा १९८४ मधे डॉस ३.० बरोबर 'शेअर' नावाचा प्रोग्राम आला. फाइल उघडतानाच सांगायचं की मी वापरत असताना इतरांनी काय केलेलं चालेल. १९९३ साली डेव्ह कटलर यांच्या टीमने केलेल्या विंडोज एनटीमधे हे नीट तीन परवानग्यांमधे आलं. वाचलं तर चालेल का, लिहिलं तर चालेल का, डिलीट केलं तर चालेल का. बहुतेक प्रोग्रामर तिसरी परवानगी देतच नाहीत. मग तुम्ही डिलीट दाबलं की विंडोज नम्रपणे नाही म्हणतं. चालू प्रोग्रामची स्वतःची फाइलही अशीच अडकते. म्हणून तर अपडेटनंतर 'रीस्टार्ट करा'! फाइलचं नाव रजिस्ट्रीत एका यादीत टाकलं जातं आणि पुढच्या वेळी मशीन चालू होताना, बाकी कुणी जागं व्हायच्या आत, ती काढली जाते.

विंडोज १० पासून एनटीएफएसवर युनिक्ससारखी सोय आलीय. नाव लगेच जातं, ऐवज नंतर. पण धरणाऱ्याने तिसरी परवानगी दिलेली असेल तरच.

ती रात्र

मी बरीच वर्षं युनिक्सवाल्यांच्या बाजूने तावातावाने भांडायचो. विंडोज म्हणजे कटकट, युनिक्समधे 'आरएम' म्हटलं की विषय संपला.

मग काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली. टीममधला सर्वात ज्युनिअर मुलगा रात्री ड्यूटीवर होता. त्याने मोठ्ठ्या फाइल्स शोधल्या आणि एक 'जुना लॉग' उडवला. तो लॉग नव्हता. दिवसभराच्या नोंदी जिच्यात जमा व्हायच्या ती फाइल होती, आणि बॅकअप आदल्या रात्रीचा. विंडोज असतं तर 'फाइल वापरात आहे' म्हणून अडवलं असतं. युनिक्सने काहीही विचारलं नाही.

त्याचा फोन आला तेव्हा तो जवळजवळ रडत होता. म्हणाला, "दादा, जागाही मोकळी झाली नाहीये. सर्व्हिस रीस्टार्ट करून बघू का?"

मी ताडकन उठून बसलो. "कशालाही हात लावू नकोस!"

कारण जागा मोकळी झाली नाही, याचा अर्थ ऐवज अजून शाबूत होता. चिठ्ठी फाटली होती, पण सर्व्हिसने हात सोडला नव्हता. 'एलएसओएफ' चालवलं, त्यात ती फाइल दिसली, शेजारी 'डिलीटेड' असा शेरा. नवीन नोंदी येणं थांबवलं आणि '/प्रोक'मधे त्या प्रोसेसच्या उघड्या फाइल्सच्या यादीतून तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली. एकही नोंद गेली नाही. त्याने न विचारता रीस्टार्ट केलं असतं तर सगळा दिवस गेला असता.

त्या रात्रीनंतर मी भांडणं सोडून दिली. विंडोज हात आधी धरतं, युनिक्स नंतर सावरून घ्यायला थोडा वेळ देतं, एवढंच.

तर, आता फाइल हटत नसेल तर काय कराल? आधी ती कुणी धरलीय ते शोधा. विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोरर किंवा पॉवरटॉइजमधलं फाइल लॉकस्मिथ, लिनक्सवर 'एलएसओएफ'. मग तो प्रोग्राम रीतसर बंद करा. जबरदस्तीने हँडल तोडणारी टूल्स शक्यतो टाळा. प्रोग्रामला ते कळत नाही, आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या फाइलला मिळाला तर तो भलतीकडेच लिहून ठेवतो. कुणीच धरलेलं नसेल, तर नाव आणि परवानग्या बघा. शेवटी राहतंच की रीस्टार्ट.

आणि फॉरमॅट? तो मात्र फोटो दुसरीकडे घेतल्याशिवाय करू नका. हे मी त्या पार्टनरला मागच्या वर्षी फोनवर सांगितलं, ती एका सेकंदाची कमांडसुद्धा. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताईकडे अल्बम आहे रे अजून. स्कॅन करायला ये एकदा."

पुढच्या विकांताला जातोय.