बचत गटाचं जुनं रजिस्टर रद्दीत देऊ नका

दरेकसा म्हटलं की बाहेरच्यांना तीनच गोष्टी आठवतात. रेल्वेचा बोगदा, कचारगडची यात्रा आणि नक्षल्यांचं 'दरेकसा दलम'. पण मित्रांनो, आपल्या भागाचा आणखी एक इतिहास आहे. तो घरातल्या पेटीत, बचत गटाच्या रजिस्टरात पडून आहे.

थोडं मागं जाऊ. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. सरकारचं असलं तरी नफा कमावण्यासाठी नसलेलं. पुढे १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग देशात ५०० गटांपासून सुरू केला. तोवर बँकेचा प्रश्न एकच, तारण काय? जिच्या नावावर ना सातबारा ना घर, ती काय दाखवणार? मग ती सावकाराकडं जायची. गटानं हे उलटवलं. दहा-वीस बाया, ठरलेली बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि वहीत नोंद. ही वहीच तारण झाली. २०११ मध्ये 'उमेद' अभियान आलं, गट वाढले.

घरकुलाची गोष्ट वेगळ्या दारानं आली. १९८५ ची इंदिरा आवास २०१६ पासून प्रधानमंत्री आवास ग्रामीण झाली. आदिवासींसाठी शबरी घरकुल आहे. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर, हा नियम मोठा. पण पैसा हप्त्यानं येतो. हप्ता अडकला की विटा-रेतीसाठी हात कुठं पसरायचा? गटाकडंच.

पोरांचं काय? हाजरा फॉलवर नवाटोल्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीनं पर्यटनाचं काम हाती घेतलं आणि गावच्या पोरापोरींना गावातच रोजगार मिळाला. पण सगळ्यांना तिथं काम कसं पुरणार? बाकीचे कामासाठी गाडी धरतातच.

घरकुल पंचायत समितीत, हाजरा वनखात्यात, गट माविम-उमेदकडं. तीन कार्यालयं, तीन फायली. घर मात्र एकच. कोणी कशासाठी कर्ज काढलं, बियाण्याला, दवाखान्याला, की पोराच्या फीला, हे एकत्र फक्त त्या रजिस्टरात सापडतं.

आता नोंदी मोबाईलवर जाताहेत. चांगलंच आहे. पण जुनी रजिस्टरं फेकू नका. गटातल्या बायांना विचारून नीट जपा. पुढच्या ग्रामसभेत गावाची गरज मांडायची वेळ आली, तर याच्यापेक्षा पक्का पुरावा आपल्याकडं दुसरा नाही.