सूप, बीफ टी आणि वरणाचं पाणी

डब्लिनला पाहुणे आले की आपण त्यांना कॉलिन्स बॅरक्सचं म्युझियम दाखवतो. (प्रवेश फुकट, त्यामुळे जरा जास्तच उत्साहाने!) पण समोरच्या हिरवळीच्या परिसरात काय घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

५ एप्रिल १८४७ ला इथे अलेक्सिस सॉयरने सूपचं स्वयंपाकघर उघडलं. हा लंडनच्या रिफॉर्म क्लबचा फ्रेंच शेफ. बटाट्याचं पीक सडून आयर्लंड उपाशी मरत होतं. घंटा वाजली की शंभर माणसं आत यायची, साखळीने बांधलेल्या चमच्यांनी सहा मिनिटांत सूप संपवायची, की पुन्हा घंटा. व्यवस्था चोख, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना आवडेल अशी. पण सूपमध्ये होतं काय? त्याच्या एका पाककृतीत दोन गॅलन पाण्याला पाव पौंड मांस, म्हणजे नऊ लिटरला सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर झोड उठवली. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगी लागत नाही!

हाच सॉयर १८५५ मध्ये स्वखर्चाने तुर्कस्तानात स्कुटारीला गेला. क्रिमियन युद्धातले जखमी तिथल्या लष्करी इस्पितळात होते. तिथे प्रत्येक गटाचं मांस खुणेसाठी चिंधी किंवा खिळा बांधून एकाच हंड्यात टाकत. काही तुकडे कच्चे, काही चामड्यासारखे, आणि उरलेलं पाणी चक्क फेकून देत. सॉयरने ते वाचवायला शिकवलं.

तिथे फ्लोरेन्स नाइटिंगेल होतीच, आणि डिसेंबर १८५४ पासून किन्सेलच्या मदर फ्रान्सिस ब्रिजमन व त्यांच्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी'सुद्धा. ह्या आयरिश बायका दुष्काळ पाहून आलेल्या. दोघींचं अजिबात पटलं नाही, अधिकार कुणाचा ह्यावरून कायम खटके. नाइटिंगेलबाई ब्रिजमनना 'ब्रिकबॅट' म्हणजे विटेचा तुकडा म्हणायच्या! इतिहासाने एकीला दिवा दिला, दुसरीला आयर्लंडबाहेर कुणी ओळखत नाही. मला हे खटकतं.

मात्र नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८६०च्या सुमाराचं) वाचताना मान डोलवावी लागते. त्यात आहारावर दोन प्रकरणं आहेत. आजाऱ्याला 'बीफ टी' पाजण्याची तेव्हा फॅशन होती. बाई म्हणतात, ते आटवून बघा, तळाला जेमतेम चमचाभर ऐवज उरेल. आपल्याकडे बाळाला वरणाचं नुसतं वरचं पाणी देतात ना, तसंच! डाळ खाली बसते आणि आपण समाधानी. त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून मोठा. ताट समोर ठेवणं म्हणजे जेवू घालणं नव्हे. रोगी कुठल्या वेळी खाऊ शकतो, किती उरलं आणि का, हे डॉक्टरला दिसत नाही. ते परिचारिकेनेच बघायचं.

आता ह्याला तक्ता आहे. 'मस्ट' नावाची पद्धत २००३ साली ब्रिटनमध्ये आली, आयर्लंडमध्येही वापरतात. वजन-उंचीचं प्रमाण, गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन, आजारामुळे पाच दिवसांहून जास्त अन्न बंद आहे का, ह्यावर गुण. २०१६ मध्ये हिक्वाने सरकारी इस्पितळांतल्या खाण्यापिण्याचा आढावाही प्रसिद्ध केला.

तक्ता भरणारं माणूस मात्र लागतंच. आई इथे आली असताना न्यूमोनियाने पाच दिवस इस्पितळात होती. ती शाकाहारी, त्यातून संकोची. "बरं आहे हो," म्हणून ट्रे परत पाठवायची. आम्हाला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी केरळच्या एका सिस्टरने मला बाजूला घेतलं. तिच्या कागदावर प्रत्येक जेवणापुढे लिहिलं होतं, पाव, पाव, काही नाही. "अम्मा घरी काय खातात?" तिने विचारलं. मी म्हटलं, मऊभात, तूप, मेतकूट. मेतकूट म्हणजे काय हे समजावताना माझी भंबेरी उडाली. डाळींचं पीठ आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग ते जरा जास्त घाला, आणि थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा."