चार नावांचा क्लब : लुबुंबाशीच्या टीपी माझेंबेची कहाणी

एलिझाबेथविल हे नाव आपल्याकडच्या काही वाचकांना आठवत असेल ते कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांच्यामुळे. ५ डिसेंबर १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतला हा तरुण गुरखा रायफल्सचा अधिकारी मूठभर जवानांनिशी तिथल्या एका नाकेबंदीवर चालून गेला आणि धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या लढाईविषयी वाचता वाचता मी काँगोच्या कटांगा प्रांतातल्या या शहराच्या इतिहासात शिरलो. तांबे कोणाचे, सत्ता कोणाची, यावर लिहिलेले पुष्कळ सापडते. त्या खाणींत राबणारा माणूस मात्र त्यात क्वचितच दिसतो. मला तो भेटला एका फुटबॉल क्लबाच्या इतिहासात.

आज हा क्लब ‘टीपी माझेंबे’ या नावाने ओळखला जातो. याआधी त्याची तीन नावे होऊन गेली. प्रत्येक नाव त्या त्या काळच्या धन्याने दिलेले आहे, हे ध्यानात ठेवले तर काँगोचा शंभर वर्षांचा इतिहास या चार नावांत वाचता येतो.

शहर वसले १९१० मध्ये, तांब्यासाठी. ‘युनियाँ मिनियेर’ ही खाण कंपनी त्याआधी चार वर्षे स्थापन झाली होती. शहराला नाव मिळाले बेल्जियमच्या राणीचे. गोऱ्यांची वस्ती एकीकडे, काळ्या कामगारांची दुसरीकडे आणि मधे मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा, अशी त्याची रचना होती. कामगाराचे आठ-दहा तास खाणीच्या ताब्यात असत. प्रश्न उरे तो फावल्या वेळाचा. त्या वेळात तो दारू पिईल किंवा त्याहून वाईट म्हणजे संघटना बांधील, ही भीती कंपनीला होती आणि मिशनलाही. चेंडू हा त्यावरचा उपाय. १९३९ मध्ये बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी आपल्या शाळेतल्या मुलांसाठी संघ काढला आणि त्याला बालवीरांच्या आश्रयदात्या संताचे, सेंट जॉर्जचे, नाव दिले. काही वर्षांत संत बदलला आणि संघ ‘सेंट पॉल’ झाला.

पुढे मिशनने अंग काढून घेतले. संघाला नवा आश्रयदाता मिळाला तो एंगलबेअर ही बेल्जियन टायर कंपनी. संताच्या जागी टायर आला! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला ती अर्थपूर्ण वाटते. रबरासाठी ज्या देशात लिओपोल्ड राजाच्या अमदानीत माणसांचे हात तोडले गेले, त्या देशातल्या तरुणांच्या छातीवर आता टायर कंपनीचे नाव आले.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांच्या आत, खाण कंपनीच्या पाठबळावर, कटांगा फुटून निघाला. जानेवारी १९६१ मध्ये पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या याच शहराच्या जवळ झाली. जानेवारी १९६३ मध्ये फुटीर राज्य संपले. नोव्हेंबर १९६५ मध्ये मोबुटू सत्तेवर आले आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथविलचे लुबुंबाशी झाले. त्याच १९६६ साली एंगलबेअरने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि नावाआधी ‘तू प्युइसाँ’ म्हणजे ‘सर्वशक्तिमान’ हे बिरुद लागले. ‘टीपी’ ही त्याचीच आद्याक्षरे.

बिरुद पोकळ नव्हते. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे हा संघ आफ्रिकी क्लब चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. १९६७ ची अंतिम लढत घानाच्या असांते कोटोकोशी. कुमासीत १-१, किन्शासात २-२. निर्णायक सामना कॅमेरूनमध्ये ठरला, पण कोटोको तिथे आलाच नाही. निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता असे सांगतात. चषक एंगलबेअरला मिळाला. १९६८ मध्ये टोगोच्या एत्वाल फिलांतला दोन लढतींत मिळून ६-४ असे हरवून त्यांनी तो राखला. असा चषक राखणारा हा पहिलाच क्लब. त्याच वर्षी अदिस अबाबात काँगोचा राष्ट्रीय संघ आफ्रिकेचा विजेता झाला आणि अंतिम सामन्यातला एकमेव गोल होता याच क्लबाच्या कलाला याचा. १९७० च्या अंतिम फेरीत मात्र कोटोकोने जुने उट्टे काढले.

मग मोबुटूंची ‘अस्सलपणा’ची मोहीम आली. १९७१ मध्ये देश झाईर झाला, माणसांची ख्रिस्ती नावे गेली आणि या लाटेत एंगलबेअरचे ‘माझेंबे’ झाले. १९७४ च्या विश्वचषकात झाईर उतरला. सहाराच्या दक्षिणेकडून आलेला हा पहिला संघ. त्याचा गोलरक्षक काझादी माझेंबेचा. युगोस्लाव्हियाने त्यांना ९-० असे धुतले आणि मोबुटूंचा फुटबॉलमधला रस आटला. क्लबाने १९८० मध्ये आफ्रिकी चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली, पण पुढे उतरण लागली. खाणीही बसत गेल्या. १९८० च्या दशकात सरकारी कंपनी वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे काढत होती. दहा वर्षांनी तो आकडा पन्नास हजारांच्याही खाली गेला. शहर आणि क्लब एकत्रच गरीब झाले.

क्लब सावरला तोही खाणीबरोबरच. १९९७ पासून अध्यक्ष असलेले मोईझ कातुंबी हे खाणधंद्यातले धनिक. पुढे ते कटांगाचे गव्हर्नरही झाले. २००९, २०१० आणि २०१५ मध्ये माझेंबे पुन्हा आफ्रिकेचा विजेता ठरला. डिसेंबर २०१० मध्ये अबुधाबीत क्लब विश्वचषकात त्यांनी ब्राझीलच्या इंतरनासिओनालला २-० असे हरवले. युरोप आणि दक्षिण अमेरिकेबाहेरचा क्लब अंतिम फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ. तिथे इंटर मिलानकडून ०-३ हार झाली. पण गोल झाला की बसल्या जागी उड्या मारणारा गोलरक्षक किडियाबा जगाने पाहिला तो याच स्पर्धेत.

यावर एक आक्षेप घेता येतो. संत, टायर, हुकूमशहा आणि आता खाणमालक : प्रत्येकाने हा संघ आपल्यासाठी वापरला, मग यात लोकांचे ते काय? आक्षेप खरा आहे. कातुंबींच्या राजकारणाला या विजयांचे बळ मिळाले, हे उघड आहे. पण तो पुरा पडत नाही. धनी जाताना मिशनने संघ सोडला, टायरचे नाव पुसले गेले, मोबुटूही गेले. प्रेक्षक मात्र गेला नाही. क्लबाचे आजचे मैदान आहे कामालोंडो भागात, वसाहतकाळात काळ्या कामगारांसाठी आखलेल्या वस्तीत. क्लबाच्या चिन्हावर तोंडात चेंडू धरलेली मगर आहे, तरी लोक संघाला ‘कावळे’च म्हणतात, काळ्या-पांढऱ्या पोशाखातले कावळे. चार अधिकृत नावे वरून आली. चार धन्यांच्या हातून गेलेला हा संघ जगला तो त्याला ‘कावळे’ म्हणणाऱ्यांमुळे, असे मी मानतो.