मेड्युसाचा चेहरा

प्राण्यांचे वर्गीकरण शिकवताना आपण सांगतो, की जेलीफिशच्या छत्रीसारख्या शरीराला छत्रिक किंवा मेड्युसा म्हणतात. लिनिअसने १७५८ साली 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्यांच्या एका प्रजातीलाच मेड्युसा हे नाव दिले. दंश करणारी लोंबती शुंडके पाहून त्याला ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली स्त्री आठवली असावी. मग एखादे मूल विचारतेच, ही मेड्युसा कोण? तिच्याकडे पाहणारा दगड होई आणि पर्सियसने तिचे डोके उडवले, एवढे सांगून आपण पुढे जातो. खरे तर इथे थोडे थांबायला हवे.

हेसिअडच्या 'थिओगनी'त (इ. स. पू. सुमारे ७००) ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटीच मर्त्य आहे. पोसायडनशी तिचा संग फुललेल्या कुरणात होतो. पुढे पर्सियस डोके कापतो तेव्हा पेगॅसस हा घोडा आणि क्रायसेऑर जन्मतात. तिथे शाप नाही, सापांचे केसही नाहीत.

कॉर्फू बेटावरील आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी भागावर (इ. स. पू. सुमारे ५८०) तिची जवळजवळ तीन मीटर उंच मूर्ती होती. डोळे वटारलेले, कमरेला सापांची गाठ. गंमत म्हणजे शेजारी तिची दोन्ही मुले आहेत आणि तिचे डोके मात्र अजून धडावरच! शिल्पकाराला गोष्ट सांगायची नव्हती, देवळाला राखणदार हवी होती. असाच मुखवटा ढालींवर आणि मद्याच्या प्याल्यांतही आढळतो. दृष्ट लागू नये म्हणून आपण जे करतो, त्याच जातीचा हा प्रकार.

पुढे चेहरा बदलला. इ. स. पू. ४९० मध्ये पिंडार तिला सुंदर गालांची म्हणतो. इ. स. पू. ४५० नंतरच्या एका भांड्यावर तर ती झोपलेली साधी तरुणी आहे आणि पर्सियस तिच्या मानेवर शस्त्र धरून उभा आहे.

इतकी सुंदर स्त्री भयंकर कशी झाली, याचे आज सर्वांना ठाऊक असलेले उत्तर रोमन कवी ओव्हिडचे, इ. स. ८ च्या सुमाराचे. नेपच्यूनने मिनर्व्हाच्या देवळात तिच्यावर बलात्कार केला आणि देवीने शिक्षा केली ती मेड्युसाला! म्हणजे चेहरा आधी बदलला, कारण साडेचारशे वर्षांनी लिहिले गेले, असे आम्हाला वाटते. शिवाय ओव्हिडने हा वृत्तान्त स्वतः पर्सियसच्या तोंडी, मेजवानीच्या प्रसंगी घातला आहे. मारणाऱ्याचीच ही साक्ष. वर्गात गोष्ट सांगताना ती कोणाची व केव्हाची, हेही सांगावे.

शिल्पकार लुचियानो गार्बाती यांनी २००८ साली ही गोष्ट उलटवली. त्यांची मेड्युसा हातात पर्सियसचे डोके घेऊन उभी आहे. २०२० साली हा पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत ठेवला गेला. तेव्हा अनेकांनी विचारले, डोके पर्सियसचे का, नेपच्यूनचे का नाही?